दसऱ्याच्या दिवशी आलेला हुकूम

अवकाशाचं रक्षण हे या शतकातलं मानवजातीचं सर्वांत उदात्त कर्तव्य आहे. भिवंडीजवळच्या आमच्या शेलार गावात ते चांगदेवच्या गोदामाच्या माळ्यावर पार पडतं. खाली कापडाचे तागे, वर उपग्रह.

माळा भाड्यानं घेतलेल्या कंपनीची मेघाली दिघाशीहून स्कूटरवर येते. छपरावरच्या तबकडीतून उपग्रहाला आदेश द्यायचे आणि दुसरा कुणी भामटा देत नाही ना, हे पाहायचं, ही तिची ड्युटी. त्या उपग्रहावरून समुद्रातल्या बोटींना वादळाचा इशारा जातो. तो हातचा गेला तर बोटवाले वाऱ्यावर आणि मेघालीची नवी नोकरी त्यांच्या पाठोपाठ.

दसऱ्याला चांगदेवची बायको धोंडूबाई वर आल्या. यंत्राला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि बजावलं, "आता आरती होईस्तोवर कुनी मशिनीला हात लावायचा न्हाय." भिवंडीत लूम असो की ट्रक, हा कायदा सगळ्यांना लागू. वर्षभर राबणाऱ्याचे आभार मानायचे आणि त्याच घटकेला त्याला कामालाही जुंपायचं, हे बरं दिसत नाही. त्या वेळेला आदेश काही द्यायचा नव्हता, म्हणून मेघालीनंही हसून तबक हातात घेतलं. मी, चांगदेवचा शेजारी, टाळ्यांना होतो.

आरती रंगात आली आणि चांगदेव यंत्राच्या पडद्याकडे बघून थबकला.

"मेघाली, तू हितंच हायेस ना?"

"मग कुठं असणार, काका?"

"मग ह्यो हुकूम कोन देतंय? वर तुझं नाव हाय."

खरंच होतं. तिच्या नावानं, तिच्याच पासवर्डनं आदेश येऊन थांबला होता: सूर्याकडे पाठ फिरव. म्हणजे बॅटरी संपून उपग्रह मेलाच. उपग्रह डोक्यावर आला की आदेश आपोआप वर जाणार होता. चोराला सगळं ठाऊक होतं, फक्त दसरा ठाऊक नव्हता.

"मावशी, मला हात लावायलाच हवा!"

"आरती अर्धी टाकत्यात का गं?"

"मावशी, उपग्रह जाईल! बोटींना वादळ कोण सांगणार?"

धोंडूबाईंनी एकदा माळेकडे पाहिलं, एकदा पोरीच्या चेहऱ्याकडे. मग उरलेली सगळी कडवी गिळून त्यांनी एका दमात शेवटचा जयजयकार केला. देवानं ते पोटात घातलं असावं. मेघालीनं वर जाणारी लाइन तोडली, खोटा आदेश पुसला, पासवर्ड बदलला.

मग ती धोंडूबाईंच्या पाया पडली, चांगदेव यंत्राच्या, आणि मी, कुणी राहायला नको म्हणून, दोघांच्याही.

तेवढ्यात बेंगळुरूहून मोठ्या साहेबांचा फोन आला. मेघालीनं सगळं सांगितल्यावर, इतर कुठल्याही दिवशी तो हुकूम तिचाच समजून कुणी अडवला नसता, हे ते तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी फोन धोंडूबाईंकडे गेला.

"माँजी, पूरी कंपनी आपकी शुक्रगुजार है. आपको जो चाहिए, बस बोलिए."

धोंडूबाईंनी वड्यांचं ताट मेघालीपुढं सरकवलं.

"साब, फोन रखो. पोरगी सकाळधरनं उपाशी हाय, वडे थंडे होत्यात."