देव केलेला शिवेचा दगड

मी शिवेचा दगड बोलतोय. शेंदराकडे बघून लगेच हात जोडू नका, आधी माझं ऐकून घ्या.

इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कारभाराला घेतलं आणि जिल्हे पाडले, तेव्हा पाथरवटांनी मला नाल्याकाठच्या काळ्या खडकातून तासून काढलं. माझ्या एका अंगाला एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, जिल्ह्यातलं दर्यापूर, दुसऱ्या अंगाला अमरावती जिल्ह्यातलं मूर्तिजापूर. मग १९०५ साली साहेब लोकांच्या मनात काय आलं कोण जाणे! एलिचपूर जिल्हा मोडला. दर्यापूर अमरावतीत घातलं आणि मूर्तिजापूर अमरावतीतून काढून अकोल्याला दिलं. काल माझी जी बाजू अमरावती होती, ती अकोला झाली. जी नव्हती, ती अमरावती. पुढे प्रांत गेले, राज्यं बदलली. मी मात्र तसूभर हललो नाही, आणि त्याचा मला गर्व होता.

अमरावतीच्या बाजूचं शेत कौशल्याबाईचं. आमचा हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या विहिरीला तेवढं गोडं पाणी. नवरा गेल्यावर तिने त्या विहिरीच्या भरवशावर एकटीने शेती केली. पेरणीआधी ती मला नारळ फोडायची, शेंदूर लावायची, शीवबा म्हणायची. मलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

अकोल्याच्या बाजूला गजेंद्रचं शेत. मागच्या उन्हाळ्यात पांदण रस्त्याच्या कामात जेसीबीने मला उखडलं आणि धुराही सपाट केला. कौशल्याबाई रडायला लागली. गजेंद्रने तिची समजूत घातली, शीवबाची चांगली स्थापना करू म्हणाला. त्याने ओटा बांधला, भटजी आणले, गावजेवण घातलं. ओटा माझ्या जुन्या जागेवर नव्हता, विहिरीच्या पलीकडे तिच्या शेतात होता, म्हणजे विहीर त्याच्या बाजूला गेली. पण देवाच्या कामात जागा कोण विचारणार? डोक्यावर पदर घेऊन तिनेच माझी आरती केली.

पेरणी झाली आणि गजेंद्रने विहिरीवर आपली मोटर बसवली. ती जाब विचारायला गेली.

"काकू, शीव तं तुमच्या देवानं दाखवली," तो म्हणाला. "माह्यावर काहून चिडता?"

तिची लेक अपेक्षा अमरावतीहून धावत आली. जागा दोन जिल्ह्यांच्या मधली, त्यामुळे एका कचेरीने तिला दुसरीकडे धाडलं, दुसरीने पुन्हा पहिलीकडे. पोरगी चिवट. तिने दोन्हीकडचे मोजणीवाले यायला तयार केले. तेव्हा आईच आडवी आली.

"मोजणी झाली तं देवाले उपटा लागन," ती म्हणाली. "मी स्थापला, मीच कसा हलवू? त्यापेक्षा खारं पाणी पिईन."

आता ती खारंच पाणी पिते, पिकालाही तेच देते. त्या पाण्याने हरभरा पिवळा पडून राहिला आहे, तरी ती रोज येऊन माझ्यापुढे डोकं टेकवते.

साहेबांनी माझ्याभोवतीचे जिल्हे फिरवले, त्याचा मला राग नाही. त्यांनी मला कधी खोटं बोलायला लावलं नाही. गजेंद्रने माझ्या पाया पडून मला खोटं उभं केलं आणि या बाईचा गळा माझ्याच हाताने कापला.

कौशल्या, पोरी, मी देव नाही गं. देव असतो तर त्या ओट्यावर बसलोच नसतो. अपेक्षाला बोलाव, पहार घाल आणि मला उपट.