उदबत्तीचं घर

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, आणि त्या वर्षी सहदेवच्या घरातलं हत्यार म्हणजे त्याची मोटारसायकल. संपात गिरणी सुटून तीन वर्षं झाली होती. हातातला मागाचा धोटा गेला नि पाना आला; मुलुंडच्या एका गॅरेजात तो गाड्यांचं काम शिकला. भांडुपच्या टेकडीवरच्या त्यांच्या खोलीपुढे गाडी उभी राहिली, जुनी का होईना, तेव्हा त्याच्या बायकोने, सुलक्षणाने, सगळ्या चाळीला पेढे वाटले होते.

पण सणाच्या आदल्या दिवशी गाडी उघडण्याची अवदसा कुणाला आठवावी? सहदेवला आठवली. पुढचं चाक कुरकुरतं म्हणून त्याने ते काढलं, सगळे भाग रॉकेलने धुतले आणि घरात वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. "काढलेत तसे ठेवलेत, आता उलटे बसवत जायचे," तो म्हणाला. "ओळ मोडली की वाट लागली."

सकाळी सुलक्षणाने ती ओळ वर्तमानपत्रासकट पाटावर घेतली. पूजा मांडली, तर उदबत्तीचं घर सापडेना. केळ्यात खोचावी, तर केळं त्यांच्या लेकीने, पाच वर्षांच्या क्षमाने, केव्हाच गट्ट केलेलं. ओळीत एक आखूड, पोकळ लोखंडी नळी चकाकत होती. तिने तिच्यात तांदूळ भरले, उदबत्त्या खोचल्या आणि ती ताम्हनात उभी केली. ओळीतली रिकामी जागा मात्र तिच्या डोळ्यांना खुपली. मग तिने बाकीचे भाग सरकवून छान जवळ जवळ लावले. बाईला टापटिपीची भारी हौस! पूजा झाली की नळी परत जागेवर ठेवू, असं तिने मनाशी म्हटलं आणि पुऱ्या लाटायला घेतल्या.

सहदेवने उदबत्त्यांच्या धुरातच ओळीवर आणि ताम्हनातही हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून हात जोडले आणि ओळीप्रमाणे एकेक भाग बसवत चाक चढवलं. दुपारी तिघांनी गाडीवरून साकीनाक्याला, सुलक्षणाच्या माहेरी सोनं द्यायला जायचं होतं. क्षमा नवा फ्रॉक घालून दारात नाचत होती.

"खालपर्यंत एक चक्कर मारतो, मग तुम्हाला नेतो," तो ओरडला, आणि गाडीचा आवाज उतारावर गेलासुद्धा.

सुलक्षणाने ताम्हन उचललं. नळी कलंडली, तांदूळ सांडले. तिने पाटाकडे पाहिलं. वर्तमानपत्र रिकामं होतं.

पिठाच्या हातात ती नळी घेऊन, अनवाणी, ती उतारावरून धावत सुटली. देवा, आजच्या दिवशी नको, एवढंच तिच्या तोंडात होतं.

खालच्या वळणावर माणसं जमली होती. गाडी आडवी पडलेली. सहदेव गटाराच्या कडेला बसला होता, कोपर सोललेलं, चेहरा पांढराफटक. तो जिवंत आहे हे दिसलं तशी ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"ब्रेक मारला नि चाक गच्च अडकलं गो," तो म्हणाला. "सगळं ओळीने लावलं होतं मी. काय चुकलं तेच कळत नाय. क्षमा पुढे टाकीवर बसली असती तर?"

सुलक्षणाने मूठ उघडली. "ही उदबत्तीला घेतली मी. ओळीतली जागा दिसायला वाईट दिसत होती, म्हणून... ती पण मीच बुजवली."

आता तो चारचौघांत आपल्याला फाडून खाणार, असं तिला वाटलं. खाल्लं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. पण सहदेवने ती नळी, चाकातल्या दोन बेअरिंगांमध्ये अंतर राखणारी, घेतली आणि बोटांत फिरवली. नळीच्या तोंडाशी दोन तांदूळ अडकले होते, अंगावर राख होती आणि त्यानेच सकाळी लावलेलं कुंकू.

त्याने नळीवरची राख अंगठ्याने पुसली.

"सकाळी हिकाच हात जोडलंय गो मी," तो म्हणाला.