तीन नंबरची नळी

शालिकरामच्या पाठीतलं पाणी मी सहा वेळा मोजलं. तीन वेळा चौदा आलं, तीन वेळा एकवीस. माणूस एकच, मशीन एकच, मोजणारी मी एकच. असल्या आकड्यांचं काय लोणचं घालायचं होतं?

चौऱ्याहत्तरचा नोव्हेंबर होता आणि मी नागपुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. ज्यांची आठवण झडत चालली आहे अशा रोग्यांच्या मणक्यातल्या पाण्यात एक एन्झाइम कमी होतं का, हे आमचे डॉक्टर मनोहरराव शोधत होते. मी पाण्यात रसायन घालायचे. एन्झाइम जितकं जास्त, तितका पिवळा रंग गडद. तो किती गडद, हे कलरीमीटर सांगायचा. सांगायचा म्हणे.

शालिकराम विणकर. चाळीस वर्षं हातमागावर बसलेला, आणि आता धोटा हातात दिला तर हे काय म्हणून विचारायचा. पोटच्या मुलीला 'बाई' म्हणायचा. सप्टेंबरात त्याच्या पाठीत पहिली सुई गेली तेव्हा चौदा आलं होतं. दसऱ्यानंतर डॉक्टरांनी बर्फात ठेवलेलं उरलेलं पाणी पुन्हा मोजायला सांगितलं, ते एकवीस आलं. "नमुना खराब झाला," डॉक्टर म्हणाले, आणि दुसरी सुई दिली. त्या पाण्याचेही कधी चौदा, कधी एकवीस. आता तिसरी सुई उद्या सकाळी दहाला ठरली होती.

त्याची बायको चंद्रकला मला व्हरांड्यात गाठायचीच. "ताई, मागच्या खेपेले त्याइले तीन दिवस मान वर करता आली नाई. नुसत्या उलट्या. आता अजून काहून पाणी काढून राहिले?"

तिला वाटायचं, या आकड्यावरून औषध ठरणार. औषध नव्हतंच. हे मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती दिसली की मला तिचाच राग यायचा.

त्या दुपारी मी सगळा राग आमच्या परिचरावर काढला. रुपराव पन्नाशीचा, शांत माणूस. "नळ्या नीट धुता का तुम्ही?"

"तुम्ही सांगता तशाच धुतो, बाई. नुसत्या पाण्यानं. म्या तवाच म्हटलं होतं, साबण लावू काय म्हणून. पाण्यानं चिकट जात नाई."

"साबणानं एन्झाइम मरतं, रुपराव. किती वेळा सांगू?"

त्यानं नळ्या पुन्हा विसळायला घेतल्या. मला बोलून दाखवणारे बाकी सगळे होते, ऐकून घेणारा तोच एक होता.

मग मशीनच बिघडलंय हे डॉक्टरांना दाखवावं म्हणून मी त्याच्या चारही नंबर घातलेल्या नळ्यांत नुसतं शुद्ध पाणी भरलं. पाण्याला कसला आलाय रंग? एक नंबर, शून्य. दोन नंबर, शून्य. तीन नंबर, सात. चार नंबर, शून्य. तीन नंबर पुन्हा लावली. सात.

चौदा आणि सात, एकवीस.

नळी मी पांढऱ्या कागदासमोर धरली. काचेवर फिकट पिवळा डाग होता, बोटाच्या रेषांसकट.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. कलरीमीटरवरची झेंडूची माळ वाळून अजून तशीच लोंबत होती. प्रयोगशाळेत बाई मी एकटी, म्हणून दिवा मीच लावला, आणि त्याच तेलकट बोटानं मशीनला हळदकुंकू वाहिलं. मशीनमध्ये उभ्या असलेल्या नळीलाही. मोठ्या भक्तीनं. नळीला साबण न लावण्याचा नियमही माझाच.

उरलेलं पाणी मी दोन नंबरच्या नळीत मोजलं. चौदा. चार नंबरच्या नळीत मोजलं. चौदा.

मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. "म्हणजे दुसरी सुईसुद्धा उगाच," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी कागदावरची तिसरी सुई खोडली. परत येऊन मी रुपरावची माफी मागितली, तर तो म्हणाला, "जाऊ द्या बाई, आता तरी साबण आणू काय?"

मग मी वॉर्डात गेले. चंद्रकलेला सगळं खरं सांगायचं, औषध नाही हेसुद्धा, असं ठरवूनच गेले. ती खाटेशी बसून संत्रं सोलत होती.

शालिकराम उताणा पडून छताकडे पाहत होता. मला पाहून त्याची नजर माझ्या पांढऱ्या कोटावर थांबली. कोणी काही बोलायच्या आत तो कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले, हनुवटी छातीला टेकवली आणि मागे हात नेऊन स्वतःच सदरा वर केला.

"आज सुई नाही, बाबा," मी म्हटलं. "उद्याही नाही."

तो तसाच पडून राहिला. त्याच्या कमरेवर दोन सुयांच्या दोन बारीक खुणा होत्या. चंद्रकलेनं सदरा खाली ओढला, तर त्यानं तो पुन्हा वर केला.