भिंगातली रिकामी जागा

मी फुलदाणी बोलतेय. फुलं मात्र माझ्या नशिबी कधी आली नाहीत. मी चेकोस्लोव्हाकियात घडलेली काच, त्यातही जुनी. डाग पडेल म्हणून अशांना कुणी पाणीसुद्धा दाखवत नाही. आमचा जन्म नुसता मिरवण्यासाठी!

भट्टीतला लालबुंद गोळा साच्यात पडला, वरून दाब बसला आणि माझ्या जाड अंगावर गोल गोल भिंगं उमटली. माझ्या पलीकडे कुणी उभं राहिलं, की प्रत्येक भिंगात तेच माणूस इवलंसं दिसतं. कारखान्यात माल तपासणाऱ्या बाईने मला उजेडात धरून पलीकडच्या मैत्रिणीकडे पाहिलं. एका भिंगात मैत्रीण दिसेना. "खोट आहे," म्हणत तिने मला बाजूला ठेवलं. थोड्याच दिवसांत त्या मैत्रिणीची खुर्ची रिकामी झाली. खोट काचेत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

पुढे कितीतरी घरं फिरून मी जुन्या बाजारात आले. तिथे माझ्या आताच्या मालकांनी मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि घरी आणलं. मालकीणबाई म्हणाल्या, "आणखी एक? अहो, आता घरात फुलदाण्याच राहू देत, आपण जिन्यात बसू!"

दर रविवारी सकाळी आमची तपासणी असे. मालकीणबाईंनी मला खिडकीशी धरून उभं राहायचं आणि अलीकडून मालकांनी एकेक भिंग न्याहाळायचं. एका रविवारी एका भिंगात मालकीणबाई पुसट झाल्या. मालकांच्या कपाळाला आठी पडली.

"काचेला रोग लागला वाटतं."

जुन्या काचेवर पांढरट साय धरते खरी, संग्राहक तिला रोगच म्हणतात. लगेच व्हिनेगर आलं, मऊ कापड आलं.

"अहो, मला हल्ली जिना चढताना फार दम लागतो."

"हं. जरा डावीकडे धर."

अरे बाबा, काचेकडे काय बघतोस, तिच्याकडे बघ! मी जीव तोडून ओरडत होते, पण काचेचं कोण ऐकतं? काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! एकेका भिंगातून त्या आधी पुसट, मग नाहीशा होत गेल्या आणि हे पुसत राहिले.

एका रविवारी मालक आनंदाने ओरडले, "अगं, गेला रोग! कशी लख्ख झाली बघ!"

सगळ्या भिंगांत स्वच्छ खिडकी दिसत होती. नुसती खिडकी. मला धरून उभ्या असलेल्या मालकीणबाई एकाही भिंगात नव्हत्या. त्यांनी मला हळूच टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत.

भिंगं काय सांगत होती, ते मालकांना उशिरा कळलं. कळलं तेव्हा माझ्यासमोर बसून ते लहान मुलासारखे रडले. माझा त्यांच्यावरचा राग तिथेच गेला.

मग त्यांची मुलगी राहायला आली. एकदा ती खिडकीशी केस विंचरत होती आणि मालकांची नजर माझ्यातून तिच्याकडे गेली. एका भिंगात ती पुसट होती. या वेळी त्यांनी कापडाला हात लावला नाही.

"चपला घाल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचंय."

"बाबा, मला काय धाड भरलीय?"

"चल म्हणतो ना!"

दुखणं होतंच आत. वेळेवर सापडलं. ती बरी होऊन आली, तशी त्या भिंगातही परत आली.

गेल्या महिन्यात मालकांनी मला आरशासमोर नेलं आणि माझ्यातून स्वतःकडे पाहिलं. निम्म्या भिंगांत ते नव्हते. मला वाटलं, आता मुलीला हाक मारतील. ते हसले.

"पोरीला सांगू नकोस हं. तिची आई वाट बघत असेल."

मालकीणबाईंच्या शालीत गुंडाळून त्यांनी मला कपाटात ठेवलं.

इथे अंधार आहे. बाहेर मुलगी चहाला हाक मारते, ते "आलो" म्हणतात. रोज तो आवाज जरा बारीक होतो. अजून वेळ आहे हो. मला वाचा नाही. तुम्ही तरी तिला सांगा.