बिनरेघेचा क

"आवं आजोबा, रेघ नगं म्हणलं हुतं न्हवं!" उदयसिंहाने कपाळावर हात मारून घेतला.

विष्णुपंतांनी ग्राफ पेपरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली होती. सगळ्या चौकटी कापल्या गेल्या, आणखी एक कागद वाया. साताऱ्याच्या कचेरीत जुने मोडी दस्त वाचण्यात आणि उतरवण्यात त्यांची उमर गेलेली. मोडी लिहायची तर आधी पानभर रेघ, मग तिला अक्षरं टांगत जायचं. आता कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला हा पोरगा ती लिपी कॉम्प्युटरात घालायला निघाला होता, आणि त्याला एका चौकटीत एकच अक्षर हवं होतं, सुटं, बिनरेघेचं.

"मग अक्षर टांगू कशाला, तुझ्या डोक्याला?"

"रेघ कॉम्प्युटर मागनं मारतोय. तुमी निस्ता क काढा."

त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई चहा ठेवत म्हणाल्या, "अहो, पुरे आता. किती दमलात."

"दमलोय गं. पण माझ्यामागे हे कोण लिहिणार? त्या यंत्रात तरी माझा हात राहील."

हात कापतो, हे त्यांनी उदयसिंहाला सांगितलं नव्हतं. रेघ असली की तिच्या आधाराने निभून जायचं. रेघ गेली आणि हात उघडा पडला. तरी नेट लावून त्यांनी सगळी अक्षरं काढली. जेवायलाही त्यांना उठवेना.

पुढे एका सकाळी एसटीने ते कराडला गेले. पडद्यावर त्यांचा क परातीएवढा मोठा दिसत होता आणि त्याच्या प्रत्येक वळणाला करवतीसारखे दाते पडले होते. विष्णुपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात कापतो रे माझा," ते कसंबसं म्हणाले.

"त्येला काय हुतंय! आत्ता नीट करतो." उदयसिंहाने माऊस फिरवत एकेक दाता पुसला. क गुळगुळीत झाला, देखणा झाला. "लय भारी दिसतोय न्हवं?"

"दिसतोय. पण हा कुणाचा?"

"आसं काय करताय, आजोबा? तुमचाच की!"

विष्णुपंतांनी वाद घातला नाही. पोरगा जीव तोडून राबला होता, त्याचं मन कशाला मोडा? पण आतून त्यांना रडू फुटत होतं. उभा जन्म लिहिलं, आणि मागे राहणार ते हे.

"हितं दाबा. पयला क तुमच्याच हातानं हुंदे."

त्यांनी बोट ठेवलं. पडद्यावर एक क उमटला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. सगळे हुबेहूब, एकही न डगमगणारा. ओळ भरली, खालची सुरू झाली.

"बास आजोबा, उचला बोट."

विष्णुपंतांना ऐकू आलं होतं. पण बोट तसंच राहिलं, बटणावर, थरथरत.