उजव्या हाताची साक्ष

हिरामणनं आपली केस आपल्याच तोंडानं बुडवली, हे साऱ्या सायखेड्याला ठाऊक झालं होतं. फक्त त्याच्यासमोर कुणी बोलत नव्हतं, एवढाच काय तो गावाचा मोठेपणा.

माणूस द्राक्षबागेच्या छाटणीतला. वेलीच्या काडीवर फुटव्याचे किती डोळे ठेवायचे आणि कात्री नेमकी कुठं लावायची, हे त्याला बागेत पाऊल टाकताच दिसायचं. छाटणीची टोळी ठरवायच्या आधी बागाईतदार विचारायचे, "हिरामण येतोय ना?" चार वर्षांपूर्वी ओझरकडून मोटारसायकलवर घरी येताना उलट्या बाजूनं आलेल्या एका टेम्पोनं त्याला उडवलं. मोडलेला पाय बरा झाला, पण उजवा हात मनगटाखाली नावालाच उरला. बोटं मिटायची, पकड यायची नाही. टेम्पोच्या विमा कंपनीवर नाशिकच्या कोर्टात भरपाईचा दावा लागला.

हात गेला हे हिरामणनं कुणाला सांगितलं असेल तर शपथ! "डॉक्टरनं औंदा थांबायला सांगितलंय," एवढंच तो टोळीला ऐकवायचा. दर दसऱ्याला कात्रीला तेल लावायचा, झेंडूचं फूल वाहायचा आणि पुढच्या छाटणीला येतोच म्हणायचा. घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या, सविताच्या रोजंदारीवर. पण सदऱ्याचं बटणसुद्धा तो तिला लावू द्यायचा नाही. दाराआड उभा राहून डाव्या हातानं झगडत बसायचा.

मार्चमध्ये त्याची उलटतपासणी झाली. त्याच्या कमाईची साक्ष द्यायला टोळीतला जुना जोडीदार पुंजा आला होता, त्याच्यासोबत टोळीतलाच लखन. दोघं मागच्या बाकावर बसलेले. विमा कंपनीच्या वकिलांनी साखर पेरत विचारलं, "काय हिरामणराव, तुम्ही तर नावाजलेले छाटणीवाले. आता येतं ना छाटता?"

विचारतील ते खरं सांगा, असं त्याच्या वकील वेदिका मॅडमनी दहादा बजावलं होतं. पण मागं पुंजा बसलेला. हिरामणनं छाती पुढं काढली.

"येतं की! आजून बी तिघांच्या बरोबरीनं छाटतो, साहेब."

वकीलसाहेब खूश होऊन खाली बसले. वेदिकानं डोळे मिटून घेतले.

मग साक्षीच्या कागदावर सही करायची वेळ आली. हिरामणनं पेन उजव्या हातात घेतलं आणि ते टेबलावर पडलं. कारकुनानं उचलून दिलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा खाली फरशीवर गेलं. शेवटी डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यानं कशीबशी नावाची अक्षरं ओढली. कपाळावर घाम आला होता. न्यायाधीश मॅडम चष्म्यावरून बघत होत्या, पण हिरामणला त्यांची फिकीर नव्हती. पुंजानं बघितलं का, एवढीच त्याला धास्ती. पुंजा खिडकीबाहेर पाहत होता.

बाहेर आल्यावर वेदिका म्हणाली, "काका, चार वर्षं मी झटले, आणि तुम्ही एका वाक्यात पायावर धोंडा मारून घेतलात."

लखननं त्यात भर घातली. "दादा, हरला तर त्यांच्या वकिलाचा खर्च बी तुमच्याकडूनच काढत्यात म्हणं."

सविता तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "तुमची पत राह्यली, पन माझी कंबर गेली." आपण काय करून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं. कोर्टात जाऊन बोललेलं परत घेता येतं का, हे त्यानं वेदिकाला दोनदा फोन करून विचारलं.

निकाल लागला ऑक्टोबरात, छाटणी सुरू व्हायच्या तोंडावर. सायखेड्याहून सगळे एसटीनं नाशिकच्या सीबीएस स्थानकावर उतरले, तिथून चालत कोर्टात. खर्च आपल्यावर बसला तर सविताला काय तोंड दाखवायचं, हेच हिरामणच्या डोक्यात.

न्यायाधीश मॅडमनी वाचायला सुरुवात केली, मग थांबून सरळ मराठीत सांगितलं. "अर्जदार म्हणतात, हात चालतो. पण सही करताना त्यांच्या हातातून पेन तीनदा पडलं आणि त्यांना दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागला. ही नोंद मी त्याच दिवशी करून ठेवली होती. डॉक्टरांचा दाखलाही तेच सांगतो. चार माणसांत कमीपणा नको म्हणून माणूस असं बोलून जातो. अर्जदाराच्या तोंडापेक्षा त्यांच्या हातावर कोर्टाचा जास्त विश्वास आहे."

छाटणीवाल्याचा उजवा हात गेला म्हणजे त्याचा धंदाच गेला, असंही त्या म्हणाल्या. साडेअकरा लाख रुपये, अर्ज केला त्या दिवसापासूनचं व्याज, आणि दाव्याचा सगळा खर्च विमा कंपनीनं द्यायचा.

सविताचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. हिरामणला मात्र पहिल्यांदा पैसे ऐकूच आले नाहीत. हात गेला, हे भर कोर्टात, पुंजासमोर, मोठ्यानं वाचलं गेलं होतं. आता जमीन दुभंगेल असं त्याला वाटलं. तसलं काही झालं नाही. उलट छातीवरची गोणी कुणीतरी खाली उतरवून ठेवावी तसं त्याला हलकं वाटलं.

निकालाची नक्कल मिळावी म्हणून वेदिकानं अर्ज लिहिला आणि पेन पुढं केलं. "काका, इथं सही."

पुंजा आणि लखन शेजारीच उभे होते. हिरामणनं पेनाकडं पाहिलं.

"मॅडम, अंगठा घ्या," तो म्हणाला. "ह्या हातात काय राह्यलं नाय."

वेदिकानं शाईचा पॅड सरकवला. डावा अंगठा उमटवताना सदऱ्याची बाही लोंबत होती. सवितानं पुढं होऊन बाहीचं बटण लावलं. हिरामणनं हात मागं घेतला नाही.

"एवढं बोलायला चार वर्सं लागली व्हय रे?" पुंजा म्हणाला. "आम्हाला पयल्या दसऱ्यालाच कळलं हुतं. कात्री डाव्या हातात धरून कोन पूजा करतंय?"

"मंग बोलला का नाय?"

"तू बोलायची वाट बघत हुतो."

हिरामण खाली बघून हसला. डोळे भरले होते, पण ते त्यानं पुसले नाहीत.

"सोमवारपास्नं छाटनी हाय," पुंजा पुढं म्हणाला. "आमच्या पोरांना कात्री चालवता येती, पन काडी कळत नाय. तू ये. कुठं कापायचं ते नुस्तं बोट दाखव, तुझा वाटा तुला."

"डावं बोट चालंल का?" हिरामणनं विचारलं.