फेना, चौदा नंबर

ही गोष्ट १९८४ सालची. त्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधल्या आमच्या डेव्हेंटरला सलग ऊन पडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. कारण सगळी गल्ली दारात खुर्च्या टाकून बसलेली असायची, आणि दारात बसणाऱ्या माणसांना दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते जरा जास्तच दिसतं.

आमच्या गल्लीत तेरा नंबरला लामी राहायची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, नीटनेटकी बाई. तोस आणि रूली या तिच्या दोन मैत्रिणी. तिघींनी एकाच शाळेत तीस वर्षं फळा पुसला होता. इंग्लंड पाहायचं तिघींच्या मनात फार दिवसांपासून होतं, पण तीन आठवडे हॉटेलात राहणं पेन्शनीत बसत नव्हतं. तेव्हा शिक्षकांसाठी एक छापील यादी निघायची. तुम्ही आमच्या घरात राहा, आम्ही तुमच्या घरात राहतो, अशी तयारी असलेल्यांचे पत्ते त्यात असत. तोसनं पत्रव्यवहार केला आणि तिघींच्या तीन घरांच्या बदल्यात तीन घरं ठरवली. पहिला आठवडा यॉर्कजवळ, दुसरा ब्रिस्टलला, तिसरा समुद्रकाठच्या एका खेड्यात. दुसऱ्या आठवड्यात लामीच्या घरी ब्रिस्टलचे भूगोलाचे शिक्षक पिनॉक, त्यांची बायको आणि दोन मुली यायच्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी लामीनं चांगल्या कपबश्या, चांदीचे चमचे आणि आईची लेस माडीवरच्या छोट्या खोलीत ठेवली आणि कुलूप घातलं. एक किल्ली पर्समध्ये, दुसरी समोरच्या चौदा नंबरच्या फेनाकडे. घराची जादा किल्लीही फेनाकडेच असायची.

"जरा लक्ष ठेव गं," लामी म्हणाली.

"ते काय सांगायला हवं?" फेना म्हणाली. आणि ते खरंच होतं. फेनाला सांगायला लागत नसे. नवरा गेल्यापासून तिची खुर्ची खिडकीशीच असायची.

यॉर्कचा आठवडा छान गेला. शनिवारी दुपारी तिघी ब्रिस्टलला पोचल्या. शेजारणीकडून किल्ली घेतली, दार उघडलं. पुढच्या खोलीत शेकोटीच्या वर लग्नाचा फोटो होता. पिनॉक पती-पत्नी जमैकाचे, काळे होते.

लामी बॅग हातात धरून तशीच उभी राहिली.

"पत्रात लिहिलं नव्हतं त्यांनी," ती म्हणाली.

"तू लिहिलं होतंस का, आपण गोऱ्या आहोत म्हणून?" तोसनं कोट काढत विचारलं.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

रूलीनं विषय बदलायला किटली ठेवली. टेबलावर झाकलेला आल्याचा केक होता आणि शेजारी घराची माहिती लिहिलेली वही. गरम पाण्याचं पान वाचून लामीनं वही मिटली. घरात एकाही कपाटाला कुलूप नव्हतं. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे कप होते, त्यांना चिठ्ठी टेकवलेली: 'हेच वापरा.'

"किती निष्काळजी लोक," लामी म्हणाली.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. फेना होती. परदेशात फोन लावणं तेव्हा महाग पडायचं आणि फेना हात राखून खर्च करणारी बाई, म्हणजे काहीतरी घडलंच असणार.

"लामी, तुझ्या घराचे पडदे शनिवारपासून बंद आहेत."

आमच्याकडे पुढच्या खोलीचे पडदे कुणी ओढत नाही. दिवे लागल्यावरसुद्धा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला आपली फुलदाणी दिसावी, आपण सूप पिताना दिसावं, त्यात आम्हाला गैर वाटत नाही. पडदे बंद असतात ते घरात कुणी वारलं तर, नाहीतर लपवण्यासारखं काही असलं तर. आमच्या गल्लीचा कायदाच होता म्हणा ना.

"दिवसासुद्धा?" लामीनं विचारलं.

"दिवसासुद्धा. आणि ती माणसं कशी आहेत, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"काल मोठं खोकं आत नेलं. आता आत काय चाललंय, देव जाणे. माझ्याकडे किल्ली आहे. म्हणशील तर जाऊन बघते. नाहीतर नाक्यावरच्या पोलिसाला पाठवते, तो ओळखीचा आहे."

लामीच्या डोळ्यांपुढे आईची लेस आली. "थांब. मला विचार करू दे. संध्याकाळी सहाला कळवते."

"बरं." फेना थोडी घुटमळली. "आणखी काही बोलायचं नाही ना तुला?"

"नाही. का गं?"

"काही नाही. सहज," फेना म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिघी मोठा पूल बघायला जाणार होत्या. लामी हललीच नाही. मग तोसही थांबली. रूली एकटीच डबा घेऊन गेली.

"काय सांगणार तिला?" तोसनं विचारलं.

"जाऊन बघ म्हणणार. माझं घर आहे ते."

"या आठवड्यापुरतं त्यांचं आहे. आणि हे आपलं. कुणी आत्ता किल्ली लावून आत आलं, तुझी बॅग उचकटली, तर?"

"आपण काही केलेलं नाही."

"त्यांनी काय केलंय? पडदे ओढलेत."

"मी वाईट बाई नाही, तोस. सुरिनामहून आलेली काळी मुलं होती माझ्या वर्गात. कुणामध्ये फरक केला नाही मी."

"वर्गात नाही केलास," तोस म्हणाली. "तीस वर्षांत त्यांच्यातल्या एकाच्या तरी आईला घरी कॉफीला बोलावलंस?"

लामी म्हणाली, "तू तरी कुठे बोलावलंस?"

"नाही बोलावलं," तोस म्हणाली. "म्हणून तर हा फोटो पाहिला तेव्हा मीही दचकले. फरक एवढाच की मला त्याची लाज वाटली आणि तू कुलूप-किल्लीचा विचार करायला लागलीस."

मग तिनं ती वही उघडली. तोसचं इंग्रजी चांगलं. तिनं एकेक पान मोठ्यानं वाचायला घेतलं. दूधवाला केव्हा येतो, मागच्या दाराची कडी कशी अडकते, शेजारच्या आजोबांना कानानं कमी ऐकू येतं म्हणून जोरात 'गुड मॉर्निंग' म्हणा. शेवटच्या पानावर बाईंच्या गोल अक्षरात होतं:

'पुढच्या खोलीचे पडदे आम्ही दिवसाही बंद ठेवतो. दोनदा खिडकीतून दगड आत आला. दुसऱ्या वेळी धाकटी मुलगी खिडकीशी अभ्यास करत होती. तुम्हाला काही होणार नाही, तुम्ही पडदे उघडे ठेवा, खोलीत ऊन छान येतं. आमची आता सवयच झाली आहे.'

तोसनं वही टेबलावर ठेवली. लामी उठून खिडकीपाशी गेली. शनिवारी आल्या आल्या तिनं हे पडदे सरकवून उघडे केले होते, आपल्या घरच्यासारखे. आता नीट पाहिलं तर खालच्या काचेभोवतीचं लाकूड इतर लाकडापेक्षा नवं होतं. चौकटीच्या फटीत काचेचा मोहरीएवढा तुकडा अडकलेला होता. तिनं तो नखानं काढला आणि तळहातावर ठेवला.

"माझ्या घरातसुद्धा ते त्या मुलींना खिडकीशी बसवत नाहीत म्हणजे," ती अखेर म्हणाली. "आणि मी पोलीस पाठवणार होते."

सहा वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा तिनंच फेनाचा नंबर फिरवला. फोन बराच वेळ वाजत राहिला. फेना वाट न बघता समोर गेली की काय? पोलिसाला घेऊन? ती ठेवणार, तेवढ्यात कुणीतरी उचलला. मागे हसण्याचे आणि कपबश्यांचे आवाज येत होते.

"फेना? ऐक, तू तिकडे जाऊ नकोस. त्यांना काही विचारू नकोस. पडदे..."

"लामी," फेना म्हणाली. "आज तारीख काय आहे?"

लामीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चौदा ऑगस्ट.

फेनाचा वाढदिवस. बावीस वर्षांत लामीचा तो कधी चुकला नव्हता. सकाळी पहिली कॉफी फेनाकडे, केकचा पहिला तुकडा लामीला, हा त्यांचा रिवाज. सकाळच्या फोनवर फेना का घुटमळली होती ते तिला आत्ता कळलं.

"मला वाटलं, आज कुणीच यायचं नाही," फेना सांगत होती. "चार वाजता बेल वाजली. बघते तर ती माणसं! चौघंही. हातात हा एवढा केक. काल ते खोकं आणलं ना, त्यात केकचं सामान होतं. तुझ्या संडासातलं कॅलेंडर वाचलं म्हणे त्यांनी."

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. रोज नजर पडते, कुणाचा दिवस चुकत नाही. लामीच्या कॅलेंडरवर तिच्या शाळेच्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं: 'फेना, १४ नंबर'.

"ती ओरेट, म्हणजे पिनॉकबाई, काय म्हणाली सांगू? मला सगळं इंग्रजी कळलं नाही, पण एवढं कळलं. म्हणाली, घराची मालकीण बाहेर आहे आणि घर आम्ही घेतलंय, तर तिचे शेजारी पण या आठवड्यात आमचेच. तिच्या वतीनं आलो." फेनानं आवाज खाली आणला. "लामी, मी पोलिसाचं बोलले होते."

"मी हो म्हणणार होते," लामी म्हणाली. "आधी दोष माझा."

मग तिनं सकाळी राहून गेलेलं म्हटलं.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, फेना. आणि एक काम कर. छोट्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे ना? ती पिनॉकबाईंना दे. म्हणावं, आत चांगले कप आहेत, ते काढा. कुलूप मी चुकून घातलं होतं."

"चुकून?"

"नाही, चुकून नाही. पण ते त्यांना मी माझ्या तोंडानं सांगेन. आणि पडद्यांचं कुणी काही बोलायचं नाही. गल्लीला सांग."

ब्रिस्टल सोडताना लामीनं त्या वहीत एक पान लिहिलं. काय लिहिलं ते तिनं कुणालाच दाखवलं नाही. तिसरा आठवडा संपवून ती घरी आली तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं. फेनानं सांगितलं, शेवटचे दोन दिवस पडदे उघडे होते. धाकटी खिडकीशी बसून चित्र काढत होती आणि सगळी गल्ली जाता-येता तिला हात हलवत होती. पहिला हात फेनाचा.

पुढे काय झालं तेही सांगते. रूलीला इंग्लंड इतकं आवडलं की ती आणखी चार वेळा अशीच घर देऊन गेली. शेवटच्या वेळी तिचा गुडघा धरला, मग थांबली. तोसनं त्याच हिवाळ्यात आपल्या बैठकीत सुरिनामहून आलेल्यांच्या नव्या वस्तीतल्या बायांना दर गुरुवारी कॉफीला बोलवायला सुरुवात केली. ती गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. ओरेट दर वर्षी चौदा ऑगस्टला पोचेल अशा बेतानं आल्याचा केक पाठवायची. फेना १९९७ मध्ये गेली, त्या वर्षीचा केक आम्ही गल्लीनं वाटून खाल्ला. पिनॉक गुरुजी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. खिडकीशी बसलेली ती धाकटी मुलगी आता काचा बसवणाऱ्यांतली नव्हे, पण घरं बांधणाऱ्यांतली झाली, आर्किटेक्ट. ब्रिस्टलच्या त्यांच्या संडासात डच कॅलेंडर टांगलेलं आहे आणि त्यावर लामीचं नाव आहे. लामी ब्याण्णव वर्षांची होऊन गेली. माडीवरच्या त्या खोलीला तिनं पुन्हा कुलूप लावलं नाही.

मित्रहो, आपल्या गल्लीत कुणाचे पडदे बंद दिसले की आपण लगेच विचारतो, हे काय लपवत असतील? एकदा असंही विचारून बघावं की यांच्या खिडकीत दगड कुणी टाकला होता. आणि त्याच दिवशी, जमलं तर, एक केक घेऊन बेल वाजवावी.